जुन्या वस्तूंनी घर लावणे आणि जुन्या वस्तू आहेरात देणे : काय घ्यावं, काय टाळावं?

कसबेकरीण

माझ्या भाचीला हिंजवडीत नोकरी लागली आणि तिने वाकडला वन बीएचके भाड्याने घेतला. डिपॉझिट भरून हातात फार काही उरलं नव्हतं. मी तिला म्हटलं, फोम गादी, उश्या आणि गॅसची नळी एवढंच नवीन घे, बाकी मी बघते. आज तिच्याकडे सागवानी पलंग, लोखंडी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, जेवणाचं टेबल, सगळं आहे आणि त्यातलं एकही दुकानातून आलेलं नाही. नवं घेतलं असतं त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात काम झालं. वर हा पलंग आता दुकानात मिळणाऱ्या पलंगापेक्षा कितीतरी दणकट आहे.

गेली बरीच वर्षं मी घरासाठी आणि आहेरासाठीही जुन्या वस्तू घेते. त्यातून जे कळलं ते लिहिते. तुम्हीही भर घाला.

पहिली गोष्ट वेळेची. पुण्यात भाड्याचे करार अकरा महिन्यांचे, आणि घर सोडायचं ते महिनाअखेरीला. त्यामुळे पंचवीस तारखेनंतर सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर 'अर्जंट विकणे आहे'चा पाऊस पडतो. दहा तारखेला जो माणूस टेबलाचे पाच हजार सांगतो, तोच तीस तारखेला 'घेऊन जा आणि द्याल ते द्या' म्हणतो, कारण सकाळी त्याचा टेम्पो येणार असतो. मे-जूनमध्ये तर विचारूच नका. बदल्या, मुलांच्या शाळा, परदेशी जाणारे, सगळे एकदम घर रिकामं करतात. कोणाच्या अडचणीचा फायदा घ्यावा असं मी म्हणत नाही. योग्य किंमत द्यावी. पण ज्याला खरंच वस्तू घालवायची आहे त्याच्याकडून घेतली, तर दोघांचीही सोय होते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. वस्तूची किंमत म्हणजे नुसते विकणाऱ्याला दिलेले पैसे नव्हेत. छोट्या हत्तीचं (लहान टेम्पोचं) भाडं, दोन हमाल, लिफ्ट बंद असेल तर मजल्यागणिक जास्तीचे पैसे, सुताराची मजुरी, पॉलिश, हे सगळं आधी कागदावर मांडायचं. हे धरूनही ती नव्याच्या निम्म्यात बसत असेल तरच मी घेते. निम्म्याच्या वर गेली की सरळ नवी घ्यावी, वॉरंटी तरी मिळते.

तिसरी गोष्ट लाकडाची. पलंग-टेबल बघायला गेलात की वरचं पॉलिश बघू नका, उलटं करून तळ बघा. अस्सल सागवान असेल तर खालच्या, पॉलिश न मारलेल्या बाजूला रेषा दिसतात आणि कड उचलताना वजन कळतं. भुश्याच्या दाबीव फळीचं, म्हणजे पार्टिकल बोर्डचं फर्निचर एकदा खोलून पुन्हा जोडलं की स्क्रू आधीसारखे धरत नाहीत. पायाशी पाणी लागून फळी फुगलेली असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. लाकडाखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर आत कीड आहे.

आणि चौथी गोष्ट, ज्यासाठी हा धागा काढला : आहेर. मी लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला जुन्या वस्तू देते आणि देताना जुन्या आहेत असं सांगूनच देते. अनेकांना हे पटत नाही. तुमचं मत काय?

दिवेकर_दादर

माहितीपूर्ण धागा. महिनाअखेरीचं अगदी पटलं.

मुंबईकरांसाठी : फर्निचरला जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा बाजार. तिथे जुनं लाकूड घेऊन नव्यासारखं करून विकणारे कारागीर बसतात. भाव भरपूर चढवून सांगतात, तेव्हा घासाघीस करायची तयारी ठेवून जा. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर बाजार भरतो. पुस्तकं आहेरात द्यायची असतील तर फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल. फूटपाथवरच्या या मंडळींना पुस्तकांची जाण आहे. विषय सांगितलात तर पुढच्या खेपेला शोधून ठेवतात.

आजोळ

कसबेकरीण ताई, घरासाठी जुनं घेण्याबद्दल काही म्हणणं नाही, आमची अर्धी हयात त्यातच गेली. पण आहेरात जुनी वस्तू द्यायची हे मनाला पटत नाही. लग्नात मुलीला आपण कोरी साडी देतो, कोरं भांडं देतो. त्यात मान असतो. समोरच्याला वाटणार नाही का, यांनी घरातली अडगळ आणून दिली? मी स्वतः असं कधी देणार नाही.

कसबेकरीण

आजोळ काका, तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही. मान जपलाच पाहिजे. म्हणूनच मी सांगून देते आणि माणूस बघून देते. ज्या घरी हे आवडणार नाही असं वाटतं तिथे पाकीट देते, विषय संपला.

पण एक बघा. कपाटात साठलेल्या आहेराच्या साड्या आणि ब्लाउजपीस एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कोऱ्या असतात, पण कोणी कोणासाठी निवडलेल्या नसतात. मी आत्तेभावाच्या मुलीला लग्नात पितळी समई दिली. जुनी, जड, ओतीव. तिच्यासाठी मी जुन्या बाजारात दोन रविवार हिंडले, आटे फिरवून पाहिले, बैठक डुगडुगत नाही ना ते पाहिलं, मग पॉलिश करून आणली. तेवढ्याच पैशांत नवी समई आली असती ती हाताने दाबली तर चेपेल अशी. यात मान कमी कुठे झाला ते मला खरंच कळत नाही.

पुण्याच्या मंडळींसाठी : मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा. नीट माल दुपारपर्यंत उचलला जातो.

मोडीचा_माल

आमचं भांड्यांचं दुकान होतं, म्हणून पितळेबद्दल थोडं सविस्तर लिहितो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

लोक जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालतात. दुकानदार ती वजनावर, मोडीच्या भावाने घेतो. त्यातली बरीचशी भट्टीत वितळायला जातात, पण चांगली घडणीची भांडी कित्येक दुकानदार बाजूला काढून ठेवतात. कोणी विचारलं तरच दाखवतात. तेव्हा भांड्यांच्या जुन्या दुकानात गेलात की 'मोडीत आलेलं काही ठेवलंय का' असं स्पष्ट विचारा. भाव मोडीपेक्षा जास्त लागतो, पण नव्यापेक्षा बराच कमी, आणि पत्रा जाड मिळतो. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे. तिथे ठोक्याची नवी भांडी बनतातच, शिवाय पोचे काढणं आणि डाग देऊन गळती बंद करणं ही कामं जाणणारी माणसं आहेत.

घेताना काय बघायचं : लोहचुंबक न्या. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता पितळी मुलामा. भांडं पाण्याने काठोकाठ भरून कोरड्या फरशीवर थोडा वेळ ठेवा, सांध्यातून पाझर असेल तर लगेच कळतो. काठावर टिचकी मारा. चीर असेल तर आवाज बद्द येतो.

स्वयंपाकाला वापरायचं तर कल्हई हवीच. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवलं की ते कळकतं, पोटाला बाधतं. कल्हईवाला आधी भांडं घासून भट्टीवर तापवतो, मग आत नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर येतो. तापलेल्या भांड्याला कथलाची कांडी नुसती टेकवली की कथील विरघळतं आणि तो कापसाच्या बोळ्याने ते भराभर आतून फिरवतो. बघता बघता पिवळं भांडं आतून चांदीसारखं होतं. मग लगेच पाण्यात बुडवतो. त्यात शिसं मिसळलेलं नको, शुद्ध कथीलच वापरा, हे त्याला आधीच सांगायचं. चार पैसे जास्त लागले तरी द्यावेत. आतून पुन्हा पिवळं दिसू लागलं की परत कल्हई करायची.

नुसतं पिण्याचं पाणी ठेवायच्या तांब्याच्या हंड्या-कळशीला कल्हई लागत नाही.

रानजाई

मोडीचा_माल काका, फार छान लिहिलंत. एक शंका. जुन्या भांड्यांवर बहुतेक वेळा नाव घातलेलं असतं, 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून' आणि खाली तारीख. असं भांडं आहेरात कसं द्यायचं? नाव घासून काढता येतं का?

मोडीचा_माल

रानजाई, उथळ कोरलेलं असेल तर पॉलिशवाला घासून काढतो. खोल असेल तर त्या जागी पत्रा पातळ होतो, म्हणून शक्यतो काढू नये. आमच्याकडे एक गिऱ्हाईक येत असे, ते जुनं नाव तसंच ठेवून त्याखाली नव्या मुलीचं नाव आणि तारीख घालून घेत. एकाच पातेल्यावर दोन लग्नांच्या तारखा. देताना ते सांगायचे की हे पातेलं आधी कोणाच्या तरी संसारात होतं आणि चांगलं नांदलं. घेणाऱ्यांनी नाक मुरडल्याचं मी पाहिलं नाही.

आजोळ

हे वाचून मात्र मला विचार करावासा वाटला. आमच्या आईच्या पितळी डब्यांवर तिच्या माहेरचं नाव आहे आणि ते नातीला द्यायचं आम्ही ठरवलं आहे. घरातलं जुनं देणं आणि बाजारातलं जुनं देणं यात मी फरक करत होतो. अजूनही थोडा करतो. पण तुमचं म्हणणं समजलं.

वीजमापक

कसबेकरीण, फ्रिज-मशीनबद्दल तुम्ही फार लिहिलं नाहीत, ते मी भरतो. दुरुस्तीचं काम करतो, रोज हेच बघतो.

फ्रिज बघायला जाणार असाल तर विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा, सकाळपासून चालू ठेवा आणि बर्फाचा ट्रे भरून ठेवा. तुम्ही गेल्यावर त्याने बटण दाबलं तर त्यातून काहीच कळत नाही. दिवा लागतो, घरघर होते, आणि गॅस गेलेला असला तरी पत्ता लागत नाही. दारात एक कागद अडकवून दार बंद करा आणि ओढा. सहज निसटला तर दाराचं रबर गेलं आहे. रबर बदलता येतं, तेवढे पैसे कमी करून घ्या. आणताना फ्रिज उभाच आणा. आडवा आणावाच लागला तर घरी उभा करून काही तास थांबा, मगच चालू करा.

दाराच्या स्टार लेबलकडे नीट बघा. त्यावर वर्ष छापलेलं असतं आणि वर्षाला किती युनिट खातो तेही. स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा पाच स्टार हा आजचा पाच स्टार नव्हे. म्हणून स्टार मोजू नका, युनिट बघा. समजा जुना वर्षाला ४०० युनिट खातो आणि त्याच मापाचा नवा २००, आणि तुम्हाला युनिटला १० रुपये पडतात, तर वर्षाला २००० रुपये बिलातच गेले. पाच वर्षं वापरणार असाल तर १०,०००. मग तो जुना फ्रिज 'स्वस्त' राहिला का, हे ज्याचं त्याने ठरवावं. वर्षभरासाठी भाड्याच्या घरात हवा असेल तर जुना परवडतो. एसीचं गणित याहून कडक आहे, फार जुना एसी मी कोणालाच घ्यायला सांगत नाही.

वॉशिंग मशीनचा ड्रम हाताने धरून वरखाली हलवा. खुळखुळला तर बेअरिंग गेलं आहे. पाणी भरून एकदा पिळायला लावा आणि शेजारी उभं राहून आवाज ऐका.

ढगफुटी

गादी, उशी, सोफा, वेताची खुर्ची : ढेकूण! कृपया हे हलक्यात घेऊ नका. टॉर्च घेऊन जा आणि शिवणीत, पलंगाच्या स्क्रूच्या भोकांत, वेताच्या विणीत काळे ठिपके आहेत का बघा. ठिपके दिसले की तिथूनच परत फिरा. एकदा घरात शिरले की पेस्ट कंट्रोलमध्ये वाचवलेले सगळे पैसे जातात.

कसबेकरीण

+१. म्हणूनच भाचीची गादी आणि उश्या नव्या घेतल्या. लाकडी पलंग आणला तरी आधी गच्चीत सुटा करून उन्हात टाकला, सांधे रॉकेलने पुसले आणि मगच आत घेतला.

जुईची_आई

बाळांच्या वस्तूंबद्दल लिहिते, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. आपल्याकडे तर बाळाला पहिली झबली-टोपडी जुन्या, वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचीच घालायची रीत आहे. दुपटी आजीच्या जुन्या लुगड्याची. नवं कापड खरखरीत, त्याची खळ बाळाच्या अंगाला टोचते. बाळंतविडा करताना मी बहिणीच्या बाळाचे उतरलेले कपडे उकळत्या पाण्यातून काढून, इस्त्री करून, वयाप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरून दिले. शून्य ते तीन महिने, तीन ते सहा, असे. त्या आईला मिळालेल्या सगळ्या भेटींत तिने वापरली ती हीच.

पाळणा, बाबागाडी, उंच खुर्ची जुनी घ्यायला हरकत नाही, मात्र पट्टे आणि चाकांचे ब्रेक तपासा. मोटारीतली बाळाची सीट अनोळखी माणसाकडून कधीही घेऊ नका. ती अपघातात सापडली होती का हे बाहेरून दिसत नाही. हेल्मेटचंही तेच.

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण बंधनकारक आहे. त्याआधीच्या खेळण्यांवर ती नसणार, म्हणून ती वाईटच असं नाही. पण रंगाचे पोपडे सुटणारी आणि बटणासारखा सेल सहज बाहेर येणारी खेळणी लहान बाळाला नकोतच.

लेस्टरवासी

इंग्लंडमधून लिहितोय. इथे शिकायला येणारी आपली मुलं पहिल्या आठवड्यात दुकानात जाऊन ताटं, पातेली, हिवाळी कोट सगळं नवं घेतात आणि वर्षाने टाकून जातात. कृपया त्यांना सांगा, जवळजवळ प्रत्येक गावात मुख्य रस्त्यावर चॅरिटी शॉप असतात, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकून सेवाभावी संस्थेसाठी पैसे उभे करणारी दुकानं. ऑक्सफॅमचं ऑक्सफर्डमधल्या ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान तर १९४०च्या दशकापासूनचं आहे. लोकरी कोट, काचेची भांडी, पुस्तकं तिथे उत्तम मिळतात. श्रीमंत वस्तीतल्या दुकानात जा, माल सरस असतो. कपबश्यांचे सुटे सेट जमवून मी कितीतरी जणांना नव्या घराची भेट म्हणून दिले. इथे त्यात कोणालाच संकोच वाटत नाही.

गादीदार सोफ्याला आगरोधक असल्याचं लेबल नसेल तर ही दुकानं तो विकायला घेत नाहीत. घरगुती विक्रीतून घेतानाही ते लेबल शोधा. आणि इथला करदाता वस्तू देताना 'गिफ्ट एड'चा अर्ज भरतो तेव्हा विक्रीच्या प्रत्येक पौंडामागे सरकार त्या संस्थेला २५ पेन्स देतं. परत जाताना टाकून देण्याऐवजी तिथे नेऊन द्या.

पिंपळपान

फोन आणि फसवणूक, दोन्हीवर थोडक्यात.

जुना फोन भेट द्यायचा असेल तर बिल आणि खोका असलेलाच घ्या. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो क्रमांक, असं लिहून १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर कळतं. सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरही तपासता येतं. विकणाऱ्याला त्याचं गूगल किंवा ॲपल खातं तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर फोन तुमच्या हातात आणि कुलूप त्याच्याकडे.

दुसरं. तुम्ही वस्तू विकायला टाकलीत आणि कोणी म्हणालं, 'मी लष्करात आहे, बदली झाली आहे, न बघताच घेतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील', तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम मिळण्याची शक्यता कमी.

रानजाई

स्वयंपाकघरातलं विचारायचं राहिलं. जुना कुकर आणि गॅस शेगडी घेतली तर चालेल का?

वीजमापक

शेगडी चालेल. बर्नरची ज्योत निळी आणि सारखी हवी, बटणं घट्ट फिरणारी हवीत. रबरी नळी मात्र कधीच जुनी नको, नवी असली तरी पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर तारीख छापलेली असते. कुकरचा तळ सपाट फरशीवर ठेवून बघा, फुगलेला असेल तर नको. तळ सपाट असेल तर घ्या आणि गॅस्केट व सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच दिवशी नवे, त्याच कंपनीचे बसवा. पाणी शुद्ध करायचं यंत्र जुनं घेतलंत तर आतले सगळे फिल्टर बदलावे लागतात, तो खर्च धरला की सहसा परवडत नाही. नॉनस्टिकचा थर खरवडलेला असेल तर सोडून द्या. बिडाचा तवा मात्र गंजलेला दिसला तरी उचला. घासून, तेल लावून तापवला की पुन्हा वापरात येतो.

एमपीएससी_वाटेवर

अभ्यासाची पुस्तकं जुनी घेणाऱ्यांनो, पुण्यात अप्पा बळवंत चौकात चांगल्या किमतीत मिळतात. इतिहास, भूगोल, मराठी व्याकरण जुनं चालतं. अर्थव्यवस्था, कायदे, चालू घडामोडी यांना मात्र नवी आवृत्तीच घ्या. भावाला मी व्याकरणाचं जुनं पुस्तक दिलं, त्यात आधीच्या विद्यार्थ्याने पेन्सिलने समासात केलेल्या टिपा पुस्तकाइतक्याच उपयोगी निघाल्या.

नवीन_सभासद_वारजे

सगळा धागा वाचून काढला. या शनिवारी बाणेरच्या एका सोसायटीतून कपाट आणि टेबल आणायचं आहे. पहिल्यांदाच घेत आहे. पैसे आधी द्यायचे की नंतर? आणि कपाटात काय बघू?

कसबेकरीण

आगाऊ एक रुपयाही देऊ नका. 'टोकन पाठवा म्हणजे ठेवतो' म्हणणारा खरा असला तरी त्याला सांगा, शनिवारी येऊन रोख किंवा तिथल्या तिथे यूपीआय करते. कपाट असेल तर मागच्या पत्र्याचा खालचा कोपरा बघा, ओल लागून गंज तिथून सुरू होतो. आतल्या तिजोरीसकट सगळ्या किल्ल्या लावून बघा. दार उघडून सोडून द्या. आपोआप बंद होत असेल तर कपाट कललेलं आहे, किंवा तिथली फरशी. जागा बदलून पुन्हा बघा.

शनिवारचं ठरवण्याआधी विकणाऱ्याला एक विचारा, त्यांच्या सोसायटीत सामान बाहेर काढायला गेटपास लागतो का. बऱ्याच ठिकाणी लागतो, आणि तो भाडेकरूच्या नावाने सोसायटीच्या ऑफिसातून आधी काढावा लागतो. काही ठिकाणी रविवारी आणि दुपारी सामानासाठी लिफ्ट देत नाहीत. हे न विचारता गेलात तर छोटा हत्ती गेटवर उभा आणि त्याचं थांबण्याचं भाडं चालू. वारज्याच्या तुमच्या सोसायटीतही आत आणायचा पास विचारून ठेवा. पाना, स्क्रू ड्रायव्हर, जाड दोरी आणि दोन जुन्या चादरी सोबत घ्या. टेबलाचे पाय सुटे होत असतील तर तिथेच सोडवा आणि स्क्रू एका पिशवीत घालून टेबलाच्या पाट्याखाली चिकटवा. कपाट गुंडाळायला चादरी कमी पडल्या तर त्याच घरातून जुना पुठ्ठा मागा. घर सोडणाऱ्यांकडे तो असतोच.